कुठवर वाचलंस?

बुधवार, रात्री उशिरा

आज प्रार्थनासभेत मी स्तोत्र अर्ध्यावर सोडलं. ठरवून सोडलं नाही, पण चुकून सुटलं असंही म्हणवत नाही. तेरावं स्तोत्र, सगळी मिळून सहा वचनं. पाळकसाहेबांनी बायबल माझ्याकडे दिलं आणि मी वाचू लागले. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' येतं. चौथ्या वेळी माझा आवाज एवढा चढला की पुढे बसलेलं लेकरू आईला बिलगलं. तिसरं वाचलं, चौथं वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुढे भरवसा आहे, उल्लास आहे, गाणं आहे, मला पाठ आहे सगळं. तोंडून येईना.

कुणी काही बोललं नाही. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग भिंतीला टेकून बसलेल्या माईंनी उरलेली दोन वचनं म्हटली. पुस्तक न बघता, त्यांच्या बोलीत. "मी तर बाबा तुझ्या दयेवर भरोसा ठेवलाय." पुढचंही असंच, हळूहळू. मग प्रार्थना झाली, चहा झाला. निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हापासून राग येतोय. कुणाचा, ते कळत नाही.

माईंचा म्हणावं, तर त्यांनी मला टोकलं नाही. पण चारचौघांत माझं राहिलेलं दुसऱ्या कुणी पुरं करावं हे लागलं. मला वाटलं, मी तिथे थांबले तर थांबू द्यायचं होतं ना. सगळ्यांनी थोडा वेळ त्या चौथ्या वचनावर बसायचं होतं माझ्याबरोबर. लगेच उजेडाकडे कशाला पळायचं?

ताईचं मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं, चार-चार तास. सव्वीस वर्षं जिने दुसऱ्यांना इतक्या हलक्या हाताने सुया टोचल्या की पोरं 'तीच सिस्टर पाहिजे' म्हणून अडून बसायची, तिच्या हातात आता दर खेपेला दोन जाड सुया. तिच्या डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. ते लागलं म्हणजे रक्त नीट वाहतंय. रोज सकाळी ती माझा हात तिथे धरते. पाणी दिवसाला लिटरभर, त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. आणि नगरचा हा उन्हाळा. उभ्याउभ्या केलेल्या ड्युट्या, कोरोनातल्या दुहेरी पाळ्या, दुखणारी कंबर, कामावर जाता यावं म्हणून वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या... यावर आज लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात भेटायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, घरात काही कबूल करायचं राहिलंय का बघा. ताईच्या समोर. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, या आंधळ्याचं की त्याच्या आईबापाचं. प्रभू सरळ सांगतो, त्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना बायबल काखेत घेऊन माणसं पुन्हा तोच प्रश्न घेऊन दारात कशी येतात?

मीही थकले आहे. हे लिहायचीसुद्धा लाज वाटते, म्हणून एवढंच.

रविवारच्या शाळेत दर वर्षी पंडिता रमाबाईंची गोष्ट असायची. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये, 5 तारखेला, त्या स्वतः. 'तरीही त्यांचा विश्वास ढळला नाही' इथे गोष्ट संपायची आणि मला फार लहान झाल्यासारखं वाटायचं. तसा विश्वास माझ्यात नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

आज घरी चालत येताना त्यांचं दुसरंच काहीतरी आठवलं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत. आता भाषांतर करणाऱ्याला वचन गाळता येत नाही. भरवशाचं वचन मनाला पटेना म्हणून पुस्तक मिटता येत नाही, आणि 'कोठवर' फार कडू आहे म्हणून मऊही करता येत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सकाळ होतच नाही. तेही त्यांनी लिहिलंच असणार. ते स्तोत्र इतक्या शतकांत कुणी पुसलं नाही, त्याला कुणी गोड शेवट जोडला नाही, याचा मला आज केवढा आधार वाटला! कारण तो अंधारातला माणूससुद्धा बोलतो आहे ते देवाशीच. त्याने बोलणं तोडलेलं नाही. मीही आज ओरडले ती कुणावर? भिंतीवर तर नाही.

आणि माईंच्या घरी भिंतीवर दोन तरुण मुलांचे फोटो आहेत, हे मला काय माहीत नाही? त्या बाईच्या तोंडी 'भरोसा' हा शब्द फुकटचा नाही. मयतीत खांदा बदलतात. पुढचा माणूस दमला की मागचा न बोलता पुढे होतो, पहिल्याला कुणी हिणवत नाही. तसंच काहीतरी केलं असेल का त्यांनी? मला झेपलं नाही तेवढं स्वतःच्या खांद्यावर घेतलं? असं असेल तर माझा राग कुठे ठेवायचा? अजून थोडा आहे. असू दे.

घरी आले तर ताई जागी होती.

"काय होतं आज?"

"तेरावं."

"कुठवर वाचलंस?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग सांगितलं, चौथ्यापर्यंत, पुढचं माईंनी म्हटलं.

"मी दुसऱ्यालाच थांबले असते," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "पण माईंनी म्हटलं ना? मग झालं पुरं."

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, नऊ दिवसांवर आलाय. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्यावर यंदा उपासनेत मला बोलायचंय, 'मला तहान लागली आहे'. पाळकसाहेबांना नाही म्हणून सांगायचं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ताईला उपासनेला येता येणार नाही, बारा ते चार तिची पाळी मशीनवर. मी तिलाच विचारलं, काय बोलू गं मी?

तिने वाटीतला बर्फाचा खडा तोंडात टाकला. रात्रीचा तो एकच असतो, दिवसभर राखलेला. "तहान कशी असते ते सांग की. घशात नसते ती."

"मग?"

तिने हातानेच थांब म्हटलं. मी ही वही उघडून बसले. खडा पूर्ण विरघळेपर्यंत ती डोळे मिटून होती, मग सांगायला लागली.