फ्रीबीएसडीवर गेमिंग: चित्र जमलं, खरी लढाई वेळेशी

आधी निकाल सांगतो. विंडोजच्या डायरेक्टएक्स ११ या ग्राफिक्स यंत्रणेवरचा एक मोठा ओपन वर्ल्ड गेम आता फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर मेनूपासून शेवटच्या मिशनपर्यंत खेळता येतो. आवाज येतो, कंट्रोलर चालतो, कटसीन दिसतात आणि गर्दीच्या बाजारात कॅमेरा फिरवला तरी चित्र अडखळत नाही. हे शेवटचं सगळ्यात उशिरा जमलं, म्हणून या नोंदीत त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे.

ग्राफिक्सचं थोडक्यात उरकतो. कार्ड एएमडीचं आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरचं डीआरएम-केमॉड पॅकेज टाकलं, एएमडीजीपीयू मॉड्यूल बूटच्या वेळी लोड होईल असं केलं, युजरला व्हिडिओ ग्रुपमध्ये घातलं आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स संचातला आरएडीव्ही ड्रायव्हर व्हल्कन, म्हणजे कार्डाला आज्ञा द्यायची सामाईक भाषा, द्यायला लागला. त्यावर वाइन आणि डीएक्सव्हीके. वाइनची सुरुवात १९९३ ची. विंडोजचा प्रोग्राम जे मागतो ते युनिक्सच्या भाषेत पुरवायचं, ही तिची पद्धत आजही तीच आहे. पण मोठे गेम खऱ्या अर्थाने आवाक्यात आले ते २०१६ साली व्हल्कन आलं त्यानंतर. फिलिप रेबोले यांनी लिहिलेलं डीएक्सव्हीके डायरेक्टएक्समधल्या डायरेक्ट३डी या भागाच्या आज्ञा व्हल्कनमध्ये उतरवतं, आणि २०१८ साली स्टीमवाल्या व्हॉल्व्हने प्रोटॉन या आपल्या वाइनच्या आवृत्तीत तेच घेतलं. फ्रीबीएसडीवाल्यांच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट म्हणजे हा थर लिनक्सला बांधलेला नाही. खाली व्हल्कनचा धड ड्रायव्हर असला की त्याचं भागतं.

शेडरमुळे, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या चित्र रंगवायच्या छोट्या प्रोग्राममुळे, बसणारे हिसकेही आता बरेच कमी झालेत. डायरेक्ट३डी ११ मध्ये गेम शेडर सुटे सुटे देतो आणि बाकीची सेटिंग्ज ऐन चित्र काढायच्या क्षणी ठरवतो. व्हल्कनला मात्र अख्खी पाइपलाइन, म्हणजे शेडर आणि सेटिंग्ज एकत्र, आधीच तयार लागते. त्यामुळे पूर्वी नवा स्फोट किंवा नवा शत्रू पहिल्यांदा पडद्यावर आला की सगळं क्षणभर थांबायचं. ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी नावाच्या एक्स्टेन्शनमुळे हे तुकडे गेम लोड होतानाच कंपाइल करून ठेवता येतात. नोव्हेंबर २०२२ मधल्या डीएक्सव्हीके २.० पासून ही सोय आहे.

मग तरीही बाजारात धक्के का बसत होते? सरासरी फ्रेमरेट साठच्या घरात होता, पण सरासरीने काही कळत नाही. डीएक्सव्हीकेचा स्वतःचा एचयूडी, म्हणजे गेमवरच आकडे दाखवणारा फलक, आहे, त्यात फ्रेमटाइमचा आलेख सुरू केला. साठ फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मोकळ्या मैदानात रेषा सरळ होती. बाजाराच्या वेशीतून आत गेलं की तिला दात फुटायचे, मधूनच चाळीस मिलिसेकंदांपर्यंत उड्या. कंपाइलरची खूण त्या वेळी दिसत नव्हती, म्हणजे शेडरचा प्रश्न नव्हता. ग्राफिक्स कार्ड निवांत होतं. आणि टॉपमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत, वाइनसर्व्हर एक कोर जवळजवळ पूर्ण खात होता.

इथे विंडोजच्या गेमचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आजचा गेम पंधरा-वीस थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत, काम वाटतो: कुणी गर्दीतली माणसं हलवतो, कुणी डिस्कवरून टेक्स्चर आणतो, कुणी आवाज मिसळतो. हे थ्रेड सतत एकमेकांची वाट पाहत असतात. विंडोजमध्ये एकाच कॉलमध्ये ६४ गोष्टींची वाट पाहता येते, त्यातली कुठलीही एक किंवा सगळ्या एकदम. युनिक्सकडे याला तंतोतंत जोड नव्हती, म्हणून वाइनने ही कामं वाइनसर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे दिली. ती एकाच थ्रेडमध्ये चालते. एक खिडकी आणि समोर लांबच लांब रांग, अशी गत. माणसं वाढली की रांग वाढते, आणि बाजारात नेमकं तेच होत होतं.

हा फ्रीबीएसडीचा दोष आहे की नाही याची खात्री करायची होती. त्याच मशीनवर लिनक्सचं पार्टिशन आहे. तिथे ही रांग टाळणारे प्रोटॉनमधले ईसिंक आणि एफसिंक हे दोन्ही उपाय बंद करून तोच सेव्ह, तोच बाजार उघडला. रेषेला तसेच दात! मला या तपासाचा फार आनंद झाला, कारण शोधायची जागा एकदम लहान झाली. ग्राफिक्सचा थर, शेड्युलर, फाइलसिस्टिम, सगळे संशयित एका फटक्यात बाहेर.

लिनक्सने यावर टप्प्याटप्प्याने उत्तर काढलं. ईसिंकमध्ये प्रत्येक सिंक ऑब्जेक्टला (ज्याची वाट पाहायची त्या गोष्टीला) एक इव्हेंटएफडी, म्हणजे कर्नलची इशारा देणारी खूण, मिळतो आणि सर्व्हरकडे जाणं टळतं. एफसिंक फ्युटेक्सवर, म्हणजे कर्नलच्या हलक्या कुलपांवर, उभा आहे. त्यासाठी एकाच वेळी अनेक फ्युटेक्सची वाट पाहण्याचा कॉल कर्नल ५.१६ मध्ये आला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ६.१४ मध्ये एनटीसिंक ड्रायव्हर आहे. विंडोजचे वाट पाहण्याचे नियम तो थेट कर्नलमध्येच पाळतो. तिघांत मला एनटीसिंक सगळ्यात आवडतो, कारण बाकीचे दोन वागणूक जवळपास जुळवतात आणि हा बरोबर जुळवतो.

फ्रीबीएसडीत १३.० पासून इव्हेंटएफडी मुळातच आहे. म्हणून ईसिंकचा पॅच लावलेली वाइन बांधली. गेम सुरू झाला आणि लोडिंगमध्येच कोसळला. लॉगमध्ये फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल वगैरेंसाठी प्रोसेसला मिळणारे क्रमांक) संपल्याची तक्रार होती, आणि ते साहजिकच आहे, कारण प्रत्येक ऑब्जेक्टमागे एक डिस्क्रिप्टर लागतो आणि असे गेम हजारोंनी ऑब्जेक्ट तयार करतात. प्रत्येक प्रोसेसची मर्यादा सिसकंट्रोलमधून, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमधून, वाढवली, युजरच्या लॉगिन क्लासमध्येही वाढवली, आणि बाजारात शिरलो. रेषा सपाट. वेशीतून आत, चौकात, परत बाहेर, सपाटच. त्या संध्याकाळी मिशन बाजूला ठेवून नुसता बाजारात फिरत बसलो.

आता कटसीन. लिनक्सवर प्रोटॉन वापरणाऱ्यांनी रंगीत उभ्या पट्ट्यांचं टीव्हीसारखं टेस्ट कार्ड पाहिलं असेल. व्हिडिओ उलगडणारा कोडेक परवान्याच्या अडचणीमुळे सोबत देता येत नाही आणि रूपांतरित केलेली प्रतही मिळाली नाही, की प्रोटॉन त्या पट्ट्या दाखवतो. साध्या वाइनमध्ये तेवढीही सूचना नसते. पडदा काळा होतो आणि कधीकधी गेम तिथेच अडकून बसतो. वाइन हे व्हिडिओ जीस्ट्रीमर या मल्टिमीडिया लायब्ररीकडून उलगडून घेते. त्यामुळे जीस्ट्रीमरचं लिबएव्ही प्लगइन टाकलं आणि एच.२६४ चे व्हिडिओ दिसू लागले. ३२ बिटचे जुने गेम खेळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: त्यांना प्लगइनही ३२ बिटचंच लागतं. वाइनसोबत येणारी पीकेजी३२ ही स्क्रिप्ट होम डिरेक्टरीत वेगळा ३२ बिटचा संच उभा करते, प्लगइन तिच्यामार्फतच टाकायचं. ६४ बिटचं प्लगइन आहे म्हणून निश्चिंत राहिलात तर जुना गेम काळाच दिसेल.

कंट्रोलरचं काम सोपं निघालं. फ्रीबीएसडी १३ पासून एक्सबॉक्स ३६० आणि पीएस४ च्या कंट्रोलरसाठी कर्नल मॉड्यूल आहेत. यूएसबीएचआयडीची सेटिंग चालू करायची, डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणाऱ्या डेव्हएफएसच्या नियमांत इनपुट डिव्हाइस वाचायची परवानगी द्यायची, बस्स.

हायकू या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवरही थोडं पाहिलं. सप्टेंबर २०२४ चा आर१ बीटा ५ सुंदर आहे, वाइनचं पोर्टही आहे. पण तिथे ३डीचा भार बहुतांशी सीपीयूवरच पडतो, त्यामुळे जुने २डी गेम आणि व्हिज्युअल नॉव्हेल एवढीच मजल. तिकडची माणसं ड्रायव्हरवर मनापासून काम करत आहेत, त्यामुळे मी ती डिस्क पुसणार नाही.

ऑनलाइन स्पर्धात्मक गेमच्या वाटेला मात्र मी जात नाही. त्यांचा अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्राम, विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर बसवू पाहतो आणि वाइन मुळात युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर, राहते. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण ते उघडं ठेवायचं की नाही हे प्रत्येक गेमचा निर्माता ठरवतो. एपेक्स लेजंड्सने २०२४ मध्ये लिनक्सवरचा प्रवेश परत बंद केला. लिनक्सचे इतके खेळाडू असून ही स्थिती, तर आपल्यासाठी कोण वेगळा बिल्ड काढणार? यात आपल्या हातातलं तांत्रिक काम काहीच नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मित्रांबरोबर खेळायचे गेम नेमके त्यातच आहेत.

पुढे डायरेक्ट३डी १२ घेतोय. तिथे डीएक्सव्हीकेचं काम करणारं व्हीकेडी३डी-प्रोटॉन लागेल, आणि तिथे मेमरीचा हिशेब बराच कडक असतो. तुमच्यापैकी कुणी एनव्हिडियाच्या फ्रीबीएसडी ड्रायव्हरवर ईसिंकवाली वाइन चालवत असाल तर गर्दीच्या एखाद्या जागेचा फ्रेमटाइमचा आलेख पाठवा, आणि सोबत डिस्क्रिप्टरची मर्यादा किती ठेवली आहे तेही लिहा. दुसऱ्या कार्डावरही रेषा अशीच सपाट राहते का, ते मला पाहायचं आहे.