गळती खाली, दुखणं वर

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की माणूस खाली वाकून बघतो. तेल मात्र वरून येतं, आणि येताना कुठे कुठे वळसे घालून येतं हे इंजिनाखाली रोज झोपणाऱ्यालाच ठाऊक. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं गॅरेज आहे. मे महिन्यात तिथे आलेली ही केस.

कासारवडवलीचे एक केटरर. सेकंड हँड घेतलेली अमेरिकन एसयूव्ही, ३.६ लिटरचं पेट्रोल व्ही-सिक्स, म्हणजे तीन-तीन सिलिंडर व्ही आकारात बसवलेलं इंजिन. गाडीचं नाव कशाला घ्यायचं, इंजिनात प्लास्टिकचे भाग काय एकाच कंपनीने वापरलेत थोडेच. आल्या आल्या त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजचं एस्टिमेट पुढे केलं. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. "दादा, एवढ्या पैशात माझा जुना टेम्पो येतो हो," म्हणाले.

ते निदान उगाच केलेलं नव्हतं. गाडी लिफ्टवर घेतली, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे, बेल हाउसिंगच्या खालच्या कडेला तेल ठिबकतच होतं. मागचं सील गेलं की तेल तिथेच येतं. बोलता बोलता मी विचारलं, "कूलंट टाकावं लागतं का?"

"टाकतो ना मधूनमधून. म्हणजे पाणीच. घोडबंदरचं ट्रॅफिक, त्यात हा उन्हाळा, उडून जातं."

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बंद सिस्टीममधलं ते असं उडून जात नसतं. आणि क्रँकच्या सीलमधून कूलंट गळण्याचा काही संबंधच नाही. तेल आणि कूलंट दोन्ही कमी होत असतील, तर ही दोन्ही जिथे शेजारी शेजारी वाहतात तिथे आधी बघायचं. या इंजिनात ती जागा म्हणजे ऑइल फिल्टरचं हाउसिंग. व्हीच्या दोन बाजूंमध्ये जी खोलगट जागा असते, तिथे इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, खाली ते दडलेलं असतं. वरून फिल्टर आत जातो, ऑइल कूलर त्याच्याच अंगाला जोडलेला, मध्ये रबरी सील, आणि हाउसिंग अख्खं प्लास्टिकचं. ते गळायला लागलं की तेल त्या खोलगट जागेत साचतं, मागच्या बाजूने ओघळतं आणि नेमकं बेल हाउसिंगवर उतरतं.

नळीचा कॅमेरा मॅनिफोल्डच्या मागून आत सोडला. मोबाइलच्या स्क्रीनवर तळं दिसलं. तपकिरी तेल आणि त्याच्या कडेने फिकट गुलाबी रेघ. केटररसाहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. "हे सगळं माझ्या इंजिनात?" इंजिनाच्या आत नाही, इंजिनावर, असं सांगितल्यावर जरा हायसं वाटलं त्यांना. कूलंटच्या एक्स्पान्शन टँकमध्ये तेलाची साय नव्हती, डिपस्टिकवर दुधाळपणा नव्हता, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळलेली नव्हती. ही खात्री आधी करून घ्यावी लागते. इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर कूलंटपेक्षा जास्त, म्हणून आतलं सील फुटलं तर तेल कूलंटमध्ये घुसतं. इंजिन बंद केलं की तेलाचं प्रेशर शून्यावर येतं, गरम कूलंटचं मात्र बराच वेळ राहतं, मग तेच कूलंट तेलात शिरायला बघतं. तिथवर गेलेली गाडी पुढे क्रँक ज्यांत फिरतो त्या बेअरिंगांवर येते.

वरचा मॅनिफोल्ड काढला, मग खालचा. पोर्ट, म्हणजे हवा आत जायची तोंडं, उघडे पडले की पहिलं काम म्हणजे त्यांत स्वच्छ फडकी कोंबणं. एखादा स्क्रू आत पडला तर हेड उतरवण्याची वेळ येते, म्हणून आमच्या पोऱ्याला मी या कामात खिशाला पेनसुद्धा लावू देत नाही. तळं सिरिंजने उपसलं आणि हाउसिंग हातात आलं. बुडाजवळ केसासारखी बारीक चीर. कूलरच्या ओ-रिंगा, म्हणजे ती रबरी सीलं, मूळच्या गोल, त्या दाबून चपट्या आणि नखाने दाबलं तरी दबेनात इतक्या कडक झालेल्या.

खरी गंमत टोपीवर होती. फिल्टरच्या टोपीला २४ एमएमची गोटी, म्हणजे सॉकेट, बसते, आणि टोपीवरच २५ एनएम असा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, कोरलेला असतो. २५ न्यूटन मीटर म्हणजे हाताच्या बेताच्या जोराने पुरे. या टोपीच्या कडेला मात्र पाइप पान्याच्या दातांचे व्रण होते. कुणीतरी आवळून आवळून बसवलेली, मग निघेना म्हणून पाइप पाना लावून ओढलेली. तो सगळा पीळ खाली हाउसिंगच्या बुडाला बसतो. चीर तिथेच होती.

"पण मुळात प्लास्टिक का लावतात हो?" साहेबांचा प्रश्न. स्वस्त पडतं, हलकं असतं, आणि आतल्या वाकड्यातिकड्या वाटा साच्यातूनच तयार निघतात, ड्रिल करायची गरज नाही. आता वरचा मॅनिफोल्डही प्लास्टिकचाच, पण त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट हवा कमी तापते. हाउसिंगचं प्लास्टिक म्हणजे काचतंतू भरलेलं नायलॉन. साच्यात ओतताना तंतू वाहत्या दिशेने ओळीत बसतात, त्यामुळे तापल्यावर ते एका दिशेला कमी फुगतं, दुसऱ्या दिशेला जास्त. रोज तापणं, रोज निवणं, वर गरम तेल. वर्षांनी ते वाकतं आणि ठिसूळ होतं. ॲल्युमिनियम सगळ्या दिशांनी सारखं फुगतं, आणि खालचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच, म्हणून जोड एकमेकांशी भांडत नाही.

साहेबांनी ॲल्युमिनियमचं हाउसिंग बाहेरून मागवलं. चकचकीत, जड. बॉक्स उघडून त्यांनी ते माझ्या हातात असं दिलं की आता फक्त बोल्ट आवळायचे बाकी. मी ते घेऊन पलीकडच्या गाळ्यातल्या मशीन शॉपमध्ये गेलो. वागळेत गॅरेज असण्याचा हा फायदा. लेथवाला, ग्राइंडिंगवाला सगळे हाकेच्या अंतरावर. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, बसण्याची बाजू पालथी ठेवली आणि कडेने ०.०५ एमएमचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, फिरवलं. कुठेच आत शिरेना, म्हणजे फेस सपाट. मग टॉर्चने तेलाच्या वाटा बघितल्या. ड्रिल केलेली दोन भोकं जिथे आत एकमेकांना छेदतात तिथे धातूचा एक बारीक पापुद्रा उभा होता, अर्धवट सुटलेला. आणि तो फिल्टरच्या पुढच्या वाटेत. म्हणजे सुटला असता तर अडवायला मध्ये काहीच नाही, सरळ बेअरिंगकडे.

लेथवाले काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "आणि हे धातूचं म्हणून जास्त पैसे घेतात?" त्यांनीच बारीक अर्धगोल कानशीने तो पापुद्रा काढला, कड मोडली, मग घासलेटने धुऊन कॉम्प्रेसरची हवा मारली. पांढऱ्या फडक्यावर चमचम येईनाशी होईपर्यंत मी धूत राहिलो. धातू म्हणजे भरवसा असं समजून बॉक्समधून काढून थेट बसवणारे बरेच बघितलेत. माझ्या मते, न तपासलेल्या धातूच्या भागापेक्षा नीट बसवलेलं कंपनीचं प्लास्टिक बरं.

बसवणं त्यामानाने सोपं. प्रेशरचा आणि तापमानाचा सेन्सर जुन्यावरून नव्यावर घेतले, आधी हातानेच फिरवून, कारण ॲल्युमिनियममधल्या चुड्या, म्हणजे आटे, आडव्या चढल्या तर नवं हाउसिंग भंगारात. ओ-रिंगांना ताजं तेल लावलं. बोल्ट सगळे हाताने टेकवून मग टॉर्क रेंचने, आलटून पालटून. फ्युएल पंपचा रिले काढून पेट्रोल तोडलं आणि स्टार्टरने इंजिन थोडं नुसतं फिरवलं, म्हणजे पेट घेण्याआधी तेल वर चढतं. साहेबांनी टाकलेलं नळाचं पाणी पूर्ण काढून सिस्टीम धुतली आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. नळाच्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियमला हळूहळू खातात.

थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावला, काटा हलला नाही. मग गाडी गायमुखच्या चढापर्यंत नेऊन आणली, येताना ट्रॅफिकने यथेच्छ तापवली. परत कॅमेरा सोडला. कोरडं. बेल हाउसिंग आधी पुसून ठेवलं होतं, तेही कोरडं. क्रँकचं सील बिचारं निर्दोष.

नव्या टोपीवर टॉर्कचा आकडा कोरलेला नव्हता. पांढऱ्या पेंट मार्करने मी त्यावर ठळक २५ लिहिलं आणि साहेबांना सांगितलं, ऑइल कुठेही बदला, पण पोराला आधी हा आकडा दाखवा. ते मान डोलावत बिल वाचत होते. गिअरबॉक्स वाचला, मॅनिफोल्ड उघडझाकीची मजुरी मान्य केली, लेथवाल्या काकांचे पैसेही मुकाट दिले. अडले कुठे, तर डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर. "दादा, पाण्याचे पण पैसे?"

"साहेब, तुम्ही लग्नात बिसलरी फुकट वाटता का?" मी म्हटलं. हसले, आणि दिले.