आमची वाटचाल : लाकडी ॲक्सल लाकडाचाच हवा

'ब्रश रनअबाउट लाकडाची होती म्हणून बुडाली.' मिशिगनमधल्या जुन्या गाड्यांच्या कुठल्याही मेळ्याला जा, हे वाक्य कानावर पडतंच. ब्रश रनअबाउट म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीची एक छोटी, स्वस्त अमेरिकन मोटार. आमचं वर्कशॉप 2004 पासून याच गाडीच्या ॲक्सलवर (चाकं जोडणारा दांडा) आणि चेसिसवर (गाडीचा खालचा सांगाडा) उभं आहे. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

ॲलन्सन ब्रश हा कसलेला इंजिनिअर. पहिल्या कॅडिलॅकच्या एका सिलिंडरच्या इंजिनामागे त्याचंच डोकं होतं. पुढे फ्रँक ब्रिस्कोच्या पैशाच्या जोरावर 1907 मध्ये डेट्रॉइटला त्याने स्वतःच्या नावाची गाडी काढली. किंमत 500 डॉलर. पुढच्या वर्षी फोर्डची मॉडेल टी आली ती 850 ला, हे लक्षात घ्या. चेसिस, चाकं आणि दोन्ही ॲक्सल लाकडाचे. ओक, हिकरी किंवा मेपल, सगळी कठीण लाकडं. चारही कोपऱ्यांना कॉइल स्प्रिंग, तेही दाबाखाली न ठेवता ताणावर टांगलेले. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी साखळी. एका सिलिंडरची थरथर मारायला गिअरवर उलटा फिरणारा बॅलन्स शाफ्ट. इंजिनही नेहमीच्या उलट दिशेने फिरायचं, म्हणजे हँडल मारताना झटका बसला तर उजव्या हाताने मारणाऱ्याचं मनगट वाचावं. दक्षिणेकडच्या राज्यांसाठी तर 60 इंच रुंदीचे वेगळे ॲक्सल मिळत, कारण तिथल्या बैलगाडी-घोडागाडीच्या चाकोऱ्या तेवढ्या रुंद होत्या. गिऱ्हाईक कुठल्या रस्त्याने जातं याचा विचार करणारा कारखानदार होता तो!

आणि लाकूड टिकलं का? 1912 मध्ये फ्रान्सिस बर्टल्स आणि सिड फर्ग्युसन याच गाडीतून फ्रीमँटलहून सिडनीला गेले. ऑस्ट्रेलिया खंड मोटारीने पश्चिमेकडून पूर्वेला पार करणारे ते पहिलेच. रस्ता म्हणावा असं वाटेत फारसं काही नव्हतं. लाकडाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

कंपनी मेली ती कर्जाने. 1910 मध्ये फ्रँकचा भाऊ बेंजामिन ब्रिस्को याने जनरल मोटर्सच्या तोडीस तोड म्हणून युनायटेड स्टेट्स मोटर कंपनीची मोट बांधली. मॅक्सवेल, कोलंबिया, स्टॉडर्ड-डेटन आणि सोबत ब्रश. 350 डॉलरची स्वस्त लिबर्टी-ब्रशही काढून झाली. पण 1912 मध्ये सगळी मोटच गाळात गेली. वॉल्टर फ्लँडर्सने निस्तरताना एकटी मॅक्सवेल वाचवली आणि 1925 मध्ये तिची क्रायस्लर झाली. ब्रशच्या मालात खोट नव्हती, दुसऱ्यांच्या उधारीत ती गेली.

हे मला आतून कळतं, कारण आमच्यावरही तीच वेळ आली होती. वडील किर्लोस्करवाडीला पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या खात्यात होते, लाकडाचा हात मला त्यांच्याकडून मिळाला. इथे मिशिगनमध्ये टूलरूमची नोकरी सोडून लेथ, बँड सॉ आणि आरे घासायचा छोटा रंधा एवढ्यावर सुरुवात केली. मग एका बड्या संग्राहकाने गाड्यांचा अख्खा ताफा उभा करायचं काम दिलं. आम्ही बँकेकडून पैसे उचलून हिकरी भरली. 2009 साली, डेट्रॉइटच्या मोटारधंद्याचं कंबरडं मोडलेलं असताना, त्याने ऑर्डर फिरवली. आमच्याच धंद्यातल्या एकाने त्याला पटवलं होतं की आत स्टीलचा पाइप घालून वरून लाकडाची पट्टी चिकटवली की काम निम्म्या पैशात होतं. ही शुद्ध फसवणूक आहे. रंग दिल्यावर कुणाला दिसत नाही, आणि तोच माणूस आजही मेळ्यात 'अस्सल' म्हणून पाटी लावून बसतो. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जायचाही नाही.

लेथ विकायला काढलं होतं. हिशेब माझी बायको बघते, तिने सहा महिन्यांची मुदत बँकेकडून ओढून आणली. आणि लॅन्सिंगजवळचे एक म्हातारे शेतकरी आले. त्यांची ब्रश आजोबांच्या वेळची. ट्रकच्या मागे हिकरीचे ओंडके, कोठारात वर्षानुवर्षं वाऱ्यावर वाळलेले. एक तुकडा त्यांनी काँक्रीटवर आपटला, खणखणीत आवाज आला. म्हणाले, दोन्ही ॲक्सल कर, उरलेलं लाकूड तुझं. पैसे आगाऊ मोजले आणि घाई कर म्हणून एकदाही फोन केला नाही. त्यांच्या ॲक्सलची टोकं मी रंध्याने हाताने उतरवली, लाकडाच्या धाग्याची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. त्या एका गाडीकडे बघून पुढची कामं आली. मधली वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ज्यांच्याकडे ब्रश आहे त्यांनी बोल्टची भोकं आधी तपासावीत. पाणी तिथूनच शिरतं आणि लाकूड आतून काळं पडतं, वरचा रंग मात्र शाबूत असतो. भोकात उकळलेलं जवसाचं तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) सोडा, वॉशर मोठा घाला, नट करकचून आवळू नका. भट्टीत घाईने वाळवलेलं लाकूड ॲक्सलला घेऊ नका, दर इंचाला एक वर्ष हवेवर हा जुना हिशेब बरोबर आहे. रेषा तिरकी गेलेला तुकडा कितीही देखणा असला तरी सरपणात टाका. आणि नव्याने वर्कशॉप काढणाऱ्या पोरांनो, लाकडाचे पैसे गिऱ्हाइकाकडून आधी घ्या, मगच करवत लावा.

आमच्या शेडमधला हिकरीचा नवा गठ्ठा वाळायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर मागच्या ॲक्सलची नवी कामं घेत नाही, पुढचे ॲक्सल आणि चाकांचे आरे तेवढे चालू आहेत.