जाळी लावता का, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. वाचनाची कार्यशाळा संपते, लोक चहाकडे वळतात आणि कोणीतरी घुटमळत जवळ येतं. "मॅडम, तुम्ही पॉप फिल्टर वापरता की नाही? एका फोटोत दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही." तीन तास बोलून घसा कसा टिकवायचा, लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा, हे कोणालाच नको असतं. सगळ्यांचा जीव माइकसमोर लावायच्या, तोंडातून सुटणारा हवेचा झोत अडवणाऱ्या त्या चार-पाचशे रुपयांच्या जाळीत अडकलेला. आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देते. मागे दोन विद्यार्थिनींनी आपापली उत्तरं ताडून पाहिली आणि दोघी मिळून माझ्याकडे आल्या. म्हणून आता एकदाच सगळं सांगून टाकते.

मी जाळीविरुद्ध होते. कट्टर. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून जी काही वर्षं काढली, त्यात पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ बाईंनी माझी हनुवटी धरून तोंड जरा वळवलं होतं. माइकच्या तोंडात तोंड घालून बोलू नकोस, त्याच्या कानाशी बोल. यामागे काही जादू नाही. ओठ मिटून उघडले की हवेचा झोत सुटतो, तो नाकासमोर सरळ जातो. आवाज मात्र चहूकडे पसरतो. तीसेक अंश तिरकं बसलं की झोत बाजूने निघून जातो आणि आवाज माइकला मिळतो. फुकटात. मग जाळी कशाला?

शिवाय माझ्याकडे एक सिद्धान्तही होता आणि तो मी अजून सोडलेला नाही. हे जाळीपुराण आलं इंग्रजीतून. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'पी' हा आपल्या 'प'सारखा नसतो, तो हवा सोडत येतो, जवळजवळ 'फ'च. आपला 'प' अल्पप्राण. खोटं वाटत असेल तर संध्याकाळचं निरंजन तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा आणि म्हणा 'पान'. ज्योत जेमतेम हलेल. परदेशी माणसांनी परदेशी ओठांसाठी काढलेलं औषध आपण का घ्यायचं, असं मी भर वर्गात विचारायचे आणि टाळ्या मिळवायचे.

त्याच निरंजनासमोर 'फार' म्हणून बघा, 'भार' म्हणून बघा, हे मात्र मी सांगायचे नाही. मला ठाऊक नव्हतं असं नाही. युक्तिवादाच्या आड येत होतं, म्हणून बाजूला ठेवलं होतं.

तर आता तो प्रसंग. एका संस्थेसाठी मी अंध विद्यार्थ्यांकरता पुस्तकं वाचायचे, विनामोबदला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास वाचून द्यायचा होता. नऊ तासांचं काम. घरी, आतल्या खोलीत, कपाट उघडं टाकून, मागे गोधड्या टांगून केलं. खाली रस्ता, समोर कुकरच्या शिट्ट्या. बाहेरचं येऊ नये म्हणून मी माइकच्या जवळ सरकत गेले. चार बोटांवर. अशा एकाच बाजूने ऐकणाऱ्या माइकच्या जवळ गेलं की आवाजात खर्ज भरतो, आणि खरं सांगायचं तर तो भरलेला आवाज मला आवडला. हेडफोन लावून ऐकल्यावर वाटलं, हा माझाच आवाज? तिरकं बसण्याचा नियम त्या गोडीत कधी सुटला ते कळलंच नाही. आणि मग सगळं संपादन केलं लॅपटॉपच्या स्पीकरवर, कारण दिवसभर हेडफोनने कान दुखतात. त्या चिमुकल्या स्पीकरांतून खालचे स्वर येतच नाहीत. 'फ'चा झोत माइकवर आदळून होणारा धपका असतो नेमका तिथे, तळाशी. मला तो ऐकूच आला नाही. नऊ तास तपासले आणि ऐकूच आला नाही.

आता विषय बघा. आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास. 'फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात...' एका वाक्यात 'फ' आणि 'भ'. मग वासुदेव बळवंत फडके. फर्ग्युसन. भांडारकर. परमहंस सभा, प्रार्थना समाज, बहिष्कृत भारत, कर्मवीर भाऊराव. आपल्या प्रबोधनाची सगळी मंडळी जणू ओठांवरच जन्माला आली आहेत.

काही महिन्यांनी संस्थेत एक मुलगा भेटला. परभणीकडचा, पुण्यात अभ्यासाला आलेला. माझा आवाज ऐकून त्याने मला ओळखलं, उभा राहिला, हात जोडले. म्हणाला, मॅडम, तुमचा इतिहास माझा चार वेळा ऐकून झालाय. हे लोक फोनवर वेग वाढवून ऐकतात, आपल्याला शब्दही कळत नाहीत इतका. मी खूश. काही त्रास नाही ना, असं विचारलं. असं विचारताना उत्तर ठरलेलं असतं, नाही का?

तो म्हणाला, "नाही मॅडम. फक्त फुले आले की मी आवाज कमी करतो."

मला कळलं नाही. मग त्याने समजावून सांगितलं, अगदी माझ्या सोयीने. 'फुले' म्हटलं की कानात ठोसा बसल्यासारखं होतं. पहिल्यांदा दचकलो. आता वाक्यावरून आधीच कळतं, पुढे फुले येणार. तेव्हा अंगठा बटणावर ठेवतो. फडक्यांना पण तसंच. सवय झालीय मॅडम, त्यात काही नाही. आणि तो हसला. तक्रार नव्हती ती. चार वेळा ऐकल्याचं सांगताना ओघात निघालेली गोष्ट होती.

मी काय म्हणावं? माफ कर म्हणावं की नाही? मी भाषण केलं. त्याला पॉप म्हणतात, त्यासाठी लोक जाळी लावतात, पण जाळी म्हणजे शेवटी कुबडी, वाचणाऱ्याने तोंड तयार करावं, मी वापरत नाही. 'कुबडी' हा शब्द मी नेहमीच वापरायचे. तो "हो का" म्हणाला आणि पुढचं पुस्तक कधी येणार ते विचारलं. त्याच्या मांडीवर घडीची पांढरी काठी होती. ती मला दिसत होती आणि तरी दिसली नाही. घरी येताना बसमध्ये दिसली, डेक्कनच्या आसपास.

त्या रात्री इअरफोन घालून पहिला धडा ऐकला. चाळीस मिनिटांत १४७ धपके मोजले. मग मोजणं थांबवलं. ऐंशी हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी तळाचे स्वर, कापून पाहिलं. बारीकसारीक निवळले. पण जिथे झोताने माइकचा पडदा इतका रेटला गेला होता की आवाजाच्या लाटेचं डोकंच सपाट झालेलं, तिथे कापायला काही शिल्लक नव्हतं. सगळं पुन्हा वाचायचं ठरवलं. संस्थेने नवीन फाइली ठेवल्या. तोवर जुन्या फोनवरून फोनवर गेल्या होत्या. त्या परत कशा बोलवणार? आजही कुठेतरी कोणीतरी फुल्यांच्या आधी अंगठा बटणावर नेत असेल.

दुसऱ्या वाचनाला जाळी लावली. आधी घरचीच: भरतकामाची रिंग घेतली आणि सासूबाईंच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा दुहेरी ताणून बसवला. धपके गेले, पण वीण फार दाट. 'स' आणि 'श' तोंडावर पदर घेतल्यासारखे यायला लागले. मग विकतची आणली. मधल्या काळात मी वर्गात सांगितलं होतं की जाळीने आवाजाचा कस जातो. ते साडीचं खरं होतं, माइकवर चढवायच्या फोमच्या टोपीचंही थोडं खरं आहे. विरळ विणीच्या विकतच्या जाळीने मला कानाला फरक कळला नाही. मच्छरदाणीतून पलीकडच्या खाटेवरचं घोरणं जसंच्या तसं ऐकू येतं, पंख्याचा वारा मात्र मंदावतो. तेवढंच ते आहे. घोरणं ही लाट आहे आणि वारा हा झोत. (शीळ घालणारा 'स' जाळीने जात नाही, हेही एकदा ऐकून घ्या. तो झोत नव्हे. त्यासाठी परत तिरकंच बसावं लागतं. बाईंनी वळवलेली माझी हनुवटी.) आणि जाळी माइकला चिकटवू नका, झोत मोडायला मध्ये मोकळी जागा लागते. चार बोटं तरी.

झालं, गोष्ट इथे संपायला हवी होती. मॅडमना चूक कळली, जाळी आणली. पण नवीन फाइली त्या मुलाला पाठवल्या तेव्हा त्याने दोन दिवसांनी फोन केला. आता फुले व्यवस्थित आहेत म्हणाला. मग जरा थांबला. "पण आधी तुम्ही शेजारी बसून सांगत होता. आता समोर उभं राहून शिकवताय."

बरोबर होतं त्याचं. मध्ये जाळी, जाळीच्या पुढे मी, म्हणजे चार बोटांची वीत झाली होती. खर्ज उतरला. आणि जाळी पाहिली की मी निवेदिका होते, पाठ ताठ होते, हे माझं मला ठाऊक आहे. ज्याच्या कानाला मी नऊ तास ठोसे मारले त्यालाच ते पहिलं वाचन जवळचं वाटावं, याचं मी काय करू? त्याने शिष्टाचाराने म्हटलं असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. तो तसा नाही.

तेव्हापासून फोटोत कधी जाळी दिसते, कधी नाही. इतिहास, भूगोल, 'फ' आणि 'भ'चं दाट पीक असेल तर लावते. कथा असेल, विशेषतः प्रथमपुरुषी, तर बाजूला वळवते आणि तिरकी बसते, चार बोटांवरच. मग इअरफोनने तपासते. लॅपटॉपवर कधीच नाही. हे उत्तर कोणाला आवडत नाही, त्यांना घेऊ की नको एवढंच हवं असतं. घ्या. चारशे रुपये आहेत. थुंकीपासून माइक तरी वाचेल. पण घ्या म्हटलं म्हणून मी सुटले असं नाही.

हल्ली विचारणाऱ्याला मी एकच वाक्य देते: 'फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली.' जाळीशिवाय वाचून पाठवा, मग बोलू. गेल्या महिन्यात एका विशीतल्या मुलाने पाठवलं. इअरफोन घालून तीनदा ऐकलं. धपका नाही, काही नाही, 'भिडे'लाही त्याने तोंड वळवलं असावं. फोन करून विचारलं, 'फ' कसा सांभाळलास रे?

"कुठे काय मॅडम, नेहमीसारखंच म्हटलं," तो म्हणाला आणि परत म्हणून दाखवलं. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. इंग्रजी 'एफ'. हवा सुटते, पण फुसफुसत, स्फोट नाही. त्याचा 'फ' मुळात फुटतच नाही. त्याच्या वयाच्या कित्येकांचा फुटत नाही, फळ म्हणा, फूल म्हणा.

ओठ मिटून म्हण, असं त्याला सांगायला मी तोंड उघडलं. तसं म्हटलं तर त्याला जाळी लागेल. अजून सांगितलेलं नाही.