अर्धी हिला, अर्धी तिला

"अर्धी हिला, अर्धी तिला. जंतच मारायचेत न्हवं, बास हाय की!"

खानापुरात औषधाच्या दुकानात आज शेजारच्या अक्का म्हणाल्या. हातात जंताची एकच मोठी गोळी, गोठ्यात दोन म्हशी. दुकानदारानं हसून पैसे घेतले. वजन कुणी विचारलंच नाही.

त्या गोळीतलं औषध, अल्बेंडाझोल, वजनाच्या किलोमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ४०० किलोच्या म्हशीला ३ ग्रॅम, अख्खी गोळी. अर्धीत कमजोर जंत मरतात, चिवट राहतात आणि पुढची अंडी त्यांचीच. ती शेणातून गवतावर, तिथून वासरांच्या पोटात. औषधाला दाद न देणारी जात आपणच पोसतो.

त्यात आपली भातखाचरं, म्हणजे गोगलगायी आल्या आणि त्यांच्यामार्फत पसरणारी यकृतातली चपटी कृमीही. तिला डोस आणखी जास्त, १० मिलिग्रॅम. आणि म्हैस नुकती गाभण असेल तर हे औषध टाळायचं, ते निराळंच.

अक्कांना बोललो तर म्हणाल्या, "गेल्या साली असंच दिलतं, काय झालं?"

खरंच, काय झालं हे कळणार कसं? जंत झालेली म्हैस लगेच आडवी पडत नाही. पेंड खाते, दूध मात्र थोडं कमी देते.

तुमच्याकडे औषधाआधी शेण तपासून घेतं का कुणी?