काळपदरींचं बिऱ्हाड

आमच्या मधल्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि माशांची टाकी यांच्यात दीड हाताचं अंतर आहे. टाकी तीन फूट लांब, फूटभर रुंद. वाळू-दगड वजा जाता साधारण नव्वद लिटर पाणी बसतं. मॉली कायम वर वर फिरायच्या, कोरी, म्हणजे तळाशी राहणारे मिशाळ कोरिडोरास मासे, वाळू हुंगत बसायचे आणि मधला सगळा भाग रिकामा. ब्लाउजला हुक लावताना मान वर केली की ती रिकामी जागा डोळ्यांत यायची. तिथं एखादा थवा हवा, एकदम वळणारा, असं फार दिवस मनात होतं.

पहिल्यांदा मी निऑन टेट्रा आणले, निळ्या-लाल रेघेचे चिमुकले मासे. एप्रिल महिना, लातूरचं ऊन, दुपारी दोनची वेळ. बारा निऑनची पिशवी स्कूटीच्या हँडलला अडकवून घरी आले, पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवली आणि सोडून दिले. दुकानात विचारलं होतं, बोअरचं पाणी चालेल का? "काय होत नाही ओ ताई, न्या बिनधास्त." पहिल्याच रात्री दोन दिसेनासे झाले. टाकीत तेव्हा मोठा एंजल मासा होता, आणि त्याच्या तोंडात मावेल ते त्याचं खाद्य. बाकीचे कोपऱ्यात, श्वास जोरजोरात, अंगावरची निळी रेघ पुसल्यासारखी. तिसऱ्या दिवशी एक उरला, चौथ्या दिवशी तोही नाही. माझ्या मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती तारीख अजून आहे. पुढे टाकीबद्दल जे जे लिहीत गेले ते त्याच पानापासून.

पंधरा मिनिटं पिशवी तरंगवली की फक्त तापमान सारखं होतं. पाण्यात काय विरघळलंय ते सारखं होत नाही, हे मला नंतर कळलं. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते आकड्यात दाखवणारा टीडीएस मीटर आणला. आमच्या बोअरचा आकडा ९४०. नळाचं पाणी, म्हणजे मांजरा धरणाचं, तीनशेच्या आसपास. ते रोज येत नाही, येतं तेव्हा हांडे-पिंप भरून ठेवायचं. निऑन मूळचे ॲमेझॉनच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांतले. तिथं पाण्यात पानं कुजतात, पाणी चहासारखं दिसतं, आंबटसर असतं आणि क्षार जवळजवळ नसतात. आता दुकानातले निऑन बहुतेक फार्मवर वाढलेले असतात, थोडं जड, म्हणजे क्षारांचं पाणी ते सोसतात. पण काळ्या कातळातून उपसलेलं आमचं पाणी आणि त्यात एप्रिलचा उकाडा, हे त्यांना सोसणारं नव्हतंच.

मग बऱ्याच जणांनी सुचवलं, आरओचं पाणी मिसळ. आमच्याकडे प्यायला आरओ आहे. एक बादली गाळून घेतली की जवळपास तीन बादल्या मोरीत जातात, हे मी मोजून पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात मी आणि मामी, माझ्या सासूबाई, घागरी घेऊन टँकरच्या रांगेत रात्री अकराला उभ्या राहिलोय. टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "प्यायला पाणी नाही अन् माशाला हांडे ओतायलीस?" आठवड्याला टाकीतून काढलेलं पाणी मी जास्वंदीला आणि कढीपत्त्याला घालते, वाया एक तांब्या जात नाही, हे बघितल्यावर त्या गप्प झाल्या. पण माशांसाठी तीन बादल्या मोरीत सोडायच्या, हे माझ्याच्यानं होणार नाही. म्हणजे पाणी बदलायचं नाही, मासा बदलायचा.

असं ठरवल्यावर निवड सोपी झाली. टेट्रांतल्याच कार्डिनलची लाल रेघ अंगभर असते, निऑनची अर्ध्या अंगापासून शेपटीपर्यंत. कार्डिनलला उकाडा निऑनपेक्षा जास्त चालतो, पण पाणी मऊच लागतं. रमी नोजचंही तेच. सर्पी दिसायला देखणे, पण दुसऱ्याच्या परांचे लचके तोडतात. ब्युनोस आयर्स टेट्रा झाडं खातात, आणि माझी व्हॅलिसनेरिया दीड वर्ष जपलेली आहे. राहिला ब्लॅक विडो. ब्राझील-पॅराग्वेकडच्या नद्यांतला मासा, पिढ्यानपिढ्या फार्मवर वाढलेला, जड पाण्यात रुळणारा, मॉलीसोबत राहू शकणारा.

नाव मात्र घरात घेववेना. मामींना मासे दाखवताना धाकटी पटकन म्हणाली, "आजी, ह्याला विडो म्हणतात, म्हणजे विधवा." मामा जाऊन सहा वर्षं झाली. मामी काही बोलल्या नाहीत, चष्मा नीट केला आणि टाकीला नाक लावून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काळ्या पदराची हाय बघ." तेव्हापासून आमच्या घरी त्या काळपदरी. मलाही ते नाव जास्त खरं वाटतं. माशाचा पुढचा अर्धा भाग चंदेरी, गालफडाच्या मागे दोन उभ्या काळ्या रेघा, आणि पोटाखालून शेपटीपर्यंत काळा पर पसरलेला, चुण्या घातलेल्या झालरीसारखा. पाठीवर मोठ्या पराच्या मागे अजून एक इवलासा पर असतो, बटणाएवढासुद्धा नाही. बहुतेक टेट्रांना तो असतो, पण जवळ बसल्याशिवाय दिसत नाही.

दुकानात गुलाबी, हिरवे, जांभळे विडोही होते. पांढऱ्या विडोला सुईने रंग टोचून किंवा रंगात बुडवून असे मासे करतात. जिवंत प्राण्याला सुई टोचून रंगवणं मला पाहवत नाही. ते मी घेत नाही, आणि कुणी विचारलं तर घेऊ नका म्हणून सांगते.

खरेदी दिवाळीनंतर केली. तेव्हा टाकीचं पाणी पंचवीस अंशांवर होतं, आणि माझ्या मते आपल्या भागात मासे आणायचे ते याच दिवसांत. त्याआधी एंजल एका मैत्रिणीच्या मोठ्या टाकीत गेला आणि गप्पींना अंगणातल्या टबात हलवलं, कारण काळपदरींना लांब शेपटी दिसली की त्या चोच मारतात. दुकानदाराला विचारलं, माल कधी आला? "काल." मग मी रिकाम्या हाताने परत आले. प्रवासाच्या शिणानं मरायचे ते मासे पहिल्या आठवड्यातच मरतात, तो आठवडा दुकानातच जाऊ द्यावा. आठ दिवसांनी परत गेले आणि चिमूटभर खाद्य टाकायला सांगितलं. जी झेपावली ती घ्यायची. पर मिटून बसलेली, पोट आत गेलेली, अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके असलेली घ्यायची नाही. आणि टाकीत एक जरी मेलेला मासा दिसला तर त्या टाकीतलं काहीच नाही. दहा घेतल्या. सहाच्या खाली तर आणूच नयेत. दोन-तीन असल्या की एकमेकींच्या आणि दुसऱ्यांच्या मागे लागतात. दहा असल्या की त्यांची भांडणं त्यांच्यातच राहतात आणि कुणा एकीवर सगळा मार येत नाही.

या वेळी पाण्यात पाणी मिसळलं ते थेंबाथेंबानं. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणला, सुई काढून टाकली. पिशवीतलं अर्धं पाणी ओतून दिलं, बाकी मासे आणि पाणी बादलीत. टाकीतून नळी सोडली, चाक फिरवून आधी सेकंदाला तीन-चार थेंब, अर्ध्या तासानं चाक सैल करून सुतासारखी धार. दोन साड्यांचे फॉल लावून होईस्तोवर बादलीतलं पाणी तिप्पट झालं. त्या बादलीत दहाच्या दहा जणी राखाडी दिसत होत्या. घाबरल्या की त्यांचा काळा रंग उतरतो. (एक सांगते, पिशवी दूरगावाहून दिवसभर प्रवास करून आली असेल तर ही रीत वापरू नका. बंद पिशवीत माशांच्या श्वासानं पाणी आंबट होतं, त्यामुळे त्यांच्या अंगातून निघून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली आणि वरून आमच्यासारखं क्षारी, आंबटाच्या उलट गुणाचं पाणी पडलं की तोच अमोनिया जहाल होतो. अशा माशांना तापमान जुळवून लगेच जाळीने नव्या पाण्यात घ्यावं.)

तरी मोठ्या टाकीत लगेच नाहीच. तीन आठवडे वेगळ्या टबात, मोठ्या टाकीत आधीच महिनाभर चालवलेला स्पंज फिल्टर लावून. त्या स्पंजमध्ये घाण पचवणारे जिवाणू तयार असतात, कोरा स्पंज लावून उपयोग नाही. सहाव्या दिवशी दोघींच्या परावर पांढरे ठिपके आलेच. औषध दिलं, रोज थोडं पाणी बदललं, बाराव्या दिवसापर्यंत गेले. हाच रोग मोठ्या टाकीत आला असता तर मॉली आणि कोरी सगळेच ओढले असते.

सोडल्या त्या संध्याकाळी, दिवा बंद करून. आधी मॉलींना पोटभर खायला घातलं, दगड आणि मूळ इकडचं तिकडं केलं, म्हणजे जुन्यांनाही जागा नवीच वाटावी. टबात टाकीचंच पाणी होतं, त्यामुळे या वेळी नुसतं जाळीने उचललं. पहिले दोन दिवस दहाही जणी मुळामागे एकमेकींना चिकटून. मला वाटलं, हाच थवा. पण चार-पाच दिवसांनी त्या सैल झाल्या, मधल्या भागात पसरल्या, झालर पूर्ण काळी झाली. मी उठून कापड झटकलं की क्षणात गोळा होतात आणि एकदम वळतात. घट्ट थवा भीतीचा असतो, हे मला टाकीपाशी बसूनच समजलं. आता कापड मी बाहेर जाऊन झटकते.

त्यानंतर एक उन्हाळा गेला. मेमध्ये पाणी बत्तीसवर गेलं होतं. झाकण काढून जाळी टाकली आणि टेबल फॅन पाण्यावर लावला. आपली हवा कोरडी, त्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी मात्र भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून वरची भर बोअरची घालायची नाही, साठवलेल्या नळाच्या पाण्याची घालायची. खाणं निम्मं केलं. लाईट जायची तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप. दहाच्या दहा आहेत.

मृगाला गच्चीच्या पन्हाळीखाली ड्रम लावणार आहे. पहिल्या दोन पावसांचं पाणी गच्चीची धूळ घेऊन येतं, ते जास्वंदीला. तिसऱ्या पावसाचं मीटरवर बघायचं. आकडा पन्नासच्या आत आला तर दीड फुटी दुसरी टाकी आहेच, तिला मोठ्या टाकीत महिनाभर चालवलेला स्पंज लावायचा, आणि दिवाळीनंतर त्यात बारा कार्डिनल. मामींनी ड्रम धुऊन उन्हात पालथा घातलाय.