जहाजावरचा वाद्यवृंद कुणाला हवा आहे?

जुनो सोडल्यावर, रात्री

जहाज अलास्कातील जुनोच्या धक्क्यावरून सुटले तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. जून महिन्यात येथे रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे साडेसातच्या कार्यक्रमाला नाट्यगृहात जायचे की देवमाशाचे फवारे दिसतील या आशेने डेकवरच उभे राहायचे, हा प्रश्न अलास्काच्या सफरीत रोज संध्याकाळी पडतो. आम्ही नाट्यगृहात गेलो. तरुण नर्तक-नर्तिकांचा एक संच होता आणि त्यांच्या मागे भिंतभर एलईडीचा पडदा होता, ज्यावर कधी शहरातले दिवे तर कधी उसळत्या लाटा दिसत होत्या. त्या मुलामुलींची तयारी उत्तम होती. हलत्या जहाजावर तोल सांभाळून इतके चोख नाचणे सोपे नाही. संगीत मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ध्वनिमुद्रित होते. रंगमंचाच्या बाजूला वादकांसाठी बांधलेला चौथरा आहे, त्यावर काळे कापड अंथरले होते आणि वर दोन दिवे ठेवून दिले होते.

संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून माझे लक्ष त्या चौथऱ्याकडे अधिक गेले असेल. गायक नटाने आलाप लांबवला की साथीदाराने त्याच्याबरोबर थांबायचे, प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ आला की पुन्हा मुखडा धरायचा, नटाचा आवाज बसला असेल तर पट्टी उतरवून घ्यायची, ही सगळी देवाणघेवाण समोर माणूस वाजवत असतो म्हणूनच होते. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. आज एका नर्तिकेच्या गिरकीला मधेच टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांसाठी क्षणभर थांबण्याची सोय तिला नव्हती, कारण पुढची ओळ सुरू झाली होती.

रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर याच विषयावर बराच वेळ बोलणे झाले. आमच्या टेबलावर कॅनडातील मॅनिटोबा प्रांताचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य आहे. ते दोघे अनेक वर्षे जहाजांवर फिरत आले आहेत. पूर्वी मुख्य रंगमंचावर गायक, नर्तक आणि सात-आठ वादकांचा ताफा असे, दुपारच्या चहाला व्हायोलिन आणि पियानो असे, रात्री उशिरा जोडीने नाचण्यासाठी वेगळा बँड असे, असे त्यांनी सांगितले. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांबरोबर नाचण्यासाठी कंपनीच वयस्क, सभ्य गृहस्थ नेमत असे, ती पद्धतही बहुतेक जहाजांवरून गेली याची बाईंना विशेष हळहळ वाटत होती. त्यांच्या एका विधवा मैत्रिणीने केवळ त्या नाचासाठी समुद्रप्रवास सुरू केला होता आणि आता ती घरीच असते.

शेजारच्या टेबलावर टेक्सासहून आलेली एक तरुण आई होती, तिला हे सगळे कंटाळवाणे वाटत होते. तिच्या मुलांना हेडफोन लावून नाचण्याचा सायलेंट डिस्को आवडला, प्रश्नमंजूषा आवडली, आणि पुढच्या वेळी घसरगुंड्या असलेल्या मोठ्या जहाजावर जायचे असे त्यांनी आत्ताच ठरवून टाकले आहे. व्हायोलिनचा कार्यक्रम असेल तर मुले पाच मिनिटे बसणार नाहीत आणि तिलाही बसता येणार नाही, असे ती स्पष्ट म्हणाली. तिचे म्हणणे मला पटले. लहान मुले घेऊन आलेल्या बाईची संध्याकाळ आणि माझी संध्याकाळ एक कशी असेल?

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटहून आलेला एक मराठी अभियंता आणि त्याची पत्नीही आमच्याबरोबर जेवत होती. तो म्हणाला, “काकू, ठरलेल्या वेळेला ठरलेला कार्यक्रम बघायचा, हे आता आमच्याकडून होत नाही. दहा ठिकाणी दहा गोष्टी चालू असाव्यात आणि मनाला येईल तिथे जाऊन बसावं.” त्यावर आमच्या ह्यांनी त्याला विचारले की त्या दहा ठिकाणी वाजवणारे कोण असेल, यंत्र की माणूस. त्याने थोडा विचार करून सांगितले की बारमध्ये गिटारवर गाणारा असला तर तो थांबून ऐकतो, ट्रॅक चालू असेल तर पुढे जातो. हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटले.

ग्लेशियर बे, संध्याकाळ

आज पहाटे जहाज ग्लेशियर बेच्या राष्ट्रीय उद्यानात शिरले. या खाडीत दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. सकाळी उद्यानाचे रेंजर एका लहान बोटीतून आले, आमचे जहाज चालू असतानाच दोराच्या शिडीवरून वर चढले आणि दिवसभर आमच्याबरोबर राहिले. त्यांच्याबरोबर हूना ट्लिंगिट या तेथील मूळ रहिवासी समाजातील एक मार्गदर्शिकाही होत्या, कारण हिमनदी पुढे सरकून वस्ती सोडावी लागण्यापूर्वी ही खाडी त्यांच्या पूर्वजांची भूमी होती. नाट्यगृहात या बाईंचे आणि रेंजरचे बोलणे ठेवले होते, आणि काल जेथे मागच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या तेथे आज लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले होते. टेक्सासची मुलेही होती. व्हायोलिनला पाच मिनिटे न बसणारी ती मुले रेंजरने हिमनदीच्या निळ्या रंगाचे कारण सांगेपर्यंत हलली नाहीत. दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला दाट बर्फ लाल प्रकाश शोषतो आणि निळा पुढे जाऊ देतो, हे त्याने हातातल्या टॉर्चने दाखवले. मग धाकट्याने हात वर करून विचारले की तो बर्फ खाता येतो का. रेंजरने आपले भाषण बाजूला ठेवून त्याला सविस्तर उत्तर दिले.

दुपारी मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबले. कप्तानाने ते जागच्या जागी सावकाश फिरवले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून लोकांना हिमनदी दिसावी. त्या तासात जहाजावर संगीत नव्हते, खेळ नव्हते, आणि कुणी तक्रार केल्याचे माझ्या कानावर आले नाही. करमणुकीबद्दलची मते ऐकताना हे ध्यानात ठेवायला हवे की जो प्रवास मुळात बाहेर पाहण्यासाठी आहे, त्यावर रात्रीच्या कार्यक्रमाची भूक कमी असते. कॅरिबियनच्या सफरीत काही दिवस जहाज दिवसभर खुल्या समुद्रातच असते, तेथे ती भूक निराळी. सगळ्या जहाजांना एकच माप लावून ‘प्रवाशांना हल्ली अमुक आवडते’ असे म्हणणे मला बरोबर वाटत नाही.

समुद्रात, शेवटचा दिवस

आज दिवसभर जहाज व्हँकुव्हरच्या दिशेने चालले आहे. दुपारी वरच्या मजल्यावरच्या बारमध्ये शांत होते, म्हणून तेथील गोव्याच्या मुलाशी निवांत बोलता आले. तो सासष्टीचा आहे आणि मराठी चांगले बोलतो. त्याच्या घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, आहेत. त्याचे आजोबा जहाजावर सॅक्सोफोन वाजवत असत. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत, त्यामुळे कागदावरून वाजवणारे वादक तेथे मोठ्या संख्येने तयार झाले. त्यांपैकी काही मुंबईच्या सिनेसंगीतात गेले, तर काही बोटींवर. या मुलानेही लहानपणी ट्रम्पेट शिकून घेतला. पण कामाला लागताना वादकाच्या जागा कमी आणि वाढप्यांच्या जागा भरपूर होत्या, म्हणून तो बारमध्ये आला. तो हे रडत-कुढत सांगत नव्हता, पगार नियमित मिळतो असेही त्याने सांगितले. ट्रम्पेट मात्र त्याने बरोबर आणलेला नाही.

जागा कमी का झाल्या हे त्याने मला जितके नीट समजावले तितके कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. जहाजावर प्रत्येक कर्मचाऱ्याला झोपायला बंक लागतो आणि बंक मोजके असतात. आठ वादक म्हणजे आठ बंक, आठ जणांचे जेवण, कराराच्या सुरुवातीला आणि शेवटी आठ विमानतिकिटे. ध्वनिमुद्रण एकदा विकत घेतले की त्याला बंक लागत नाही. शिवाय पूर्वी जेवणाच्या दोन ठरलेल्या पंगती असत, त्यामुळे एक पंगत जेवत असताना दुसरी नाट्यगृहात असे आणि दोन्ही खेळ भरत. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ या नावाने हवे तेव्हा, हवे तेथे जेवण्याची पद्धत आणली, पुढे इतरांनीही आपापल्या परीने ती उचलली, आणि संध्याकाळचे ते घड्याळ मोडले. लोक विखुरले की करमणूकही विखुरणार, हे ओघानेच आले.

बदलाविरुद्ध मी नाही, हे येथे लिहून ठेवायला हवे. रॉयल कॅरिबियन या कंपनीने 1999 साली ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर बर्फावरच्या स्केटिंगचे रिंगण बांधले आणि 2009 साली ‘ओअॅसिस ऑफ द सीज’वर पाण्यातल्या कसरतींसाठी उघडे प्रेक्षागृह उभारले, तेव्हा समुद्रावर पूर्वी शक्य नव्हते असे काहीतरी प्रवाशांना मिळाले. प्रिन्सेस या कंपनीने 2004 साली ‘कॅरिबियन प्रिन्सेस’वर पोहण्याच्या तलावाशेजारी मोठा पडदा लावून उघड्या आकाशाखाली सिनेमा दाखवायला सुरुवात केली, तीही मला सुंदर कल्पना वाटते. त्याच वर्षी सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी 2’वर तारांगण आहे. या प्रत्येक बदलात कुणीतरी काहीतरी नवे घडवले होते. माझा आक्षेप आहे तो काहीही नवे न घडवता केवळ माणसे कमी करण्याला, आणि त्याला प्रवाशांच्या आवडीचे नाव देण्याला. मोठे खेळ आणि प्रत्यक्ष वाजणारा वाद्यवृंद एकत्र नांदू शकतात, हे 2024 साली सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ने दाखवले आहे. तेथे संगीत नाटकाला वादकच साथ करतात. हॉलंड अमेरिका या कंपनीनेही काही वर्षे न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंस्थेच्या सहकार्याने लहान दालनात अभिजात संगीत ठेवले होते. मॅनिटोबाच्या गुरुजींनी ते ऐकले आहे. संध्याकाळी तेथे बसायला जागा मिळत नसे, असे ते म्हणाले, आणि ते सहकार्य संपले याचे दुःख त्यांना अजूनही आहे.

मग प्रवाशांचे मत नेमके कसे कळते? आज दुपारी फोनवर अभिप्रायाचा फॉर्म आला. कार्यक्रम उत्कृष्ट होता, चांगला होता, बरा होता की असमाधानकारक होता, यांपैकी एकावर टिचकी मारायची. नर्तक उत्तमच होते, म्हणून मी ‘चांगला’ असे लिहिले, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की माझे हे उत्तर कंपनीच्या हिशेबात ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजूने जमा होणार. जे जहाजावर नाही त्याबद्दल फॉर्ममध्ये प्रश्नच नसतो. पहिल्यांदा आलेल्या प्रवाशाने येथे कधी वाद्यवृंद ऐकलेला नसतो, त्यामुळे वाद्यवृंद नाही म्हणून तो गुण कमी करत नाही. ज्यांनी ऐकला आहे ते गुण कमी करतात, पण ‘जुने लोक नेहमीच कुरकुरतात’ म्हणून त्यांचे मत बाजूला पडते. आणि मॅनिटोबाच्या बाईंच्या मैत्रिणीसारखे जे येणेच थांबवतात, त्यांना तर फॉर्मही जात नाही. दर वर्षी वादक थोडे कमी करत गेले तरी सरासरी तितकीच राहील, आणि प्रवासी समाधानी आहेत असे कागदावर प्रामाणिकपणे लिहिता येईल.

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ 2021 पासून सुरू आहे, आणि आपल्याकडची बरीच कुटुंबे जहाजाचा पहिला अनुभव तिच्यावरच घेत आहेत. जहाज 1990 सालचे, प्रवासी नवे. दोन-तीन रात्रींच्या सहलीला हिंदी गाण्यांवरचा नाच आणि डीजे लोकांना आवडतो, त्यात वावगे काही नाही. पण आपल्याकडे ही सवय आत्ता लागते आहे, आणि पहिल्या काही वर्षांत लोक जे पाहतील तेच त्यांना जहाजावरचे नेहमीचे वाटणार आहे. ज्या किनाऱ्याने जगभरच्या बोटींना वादक पुरवले, त्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या जहाजावर संध्याकाळी एक तास तरी गोव्याचा बँड, मांडोसारखे एखादे कोकणी गीत, पेटी-तबल्यावर नाट्यपद असे प्रत्यक्ष वाजावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. फ्रीमाँटच्या त्या मुलासारखे लोक येताजाता थांबतील. त्याने स्वतःच तसे सांगितले आहे.

फॉर्मच्या शेवटी मोकळ्या मजकुरासाठी एक चौकोन होता. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात, असे बारमधल्या मुलाने सांगितले. पण त्यात कर्मचाऱ्याचे नाव घेऊन लिहिले तर ते वरपर्यंत वाचले जाते, हेही त्यानेच सांगितले. मी आधी त्याचे नाव लिहून त्याच्या कामाची तारीफ केली. त्याखाली लिहिले की मुख्य रंगमंचाच्या बाजूचा चौथरा वादकांना परत द्यावा, आठ जण शक्य नसतील तर चार द्यावेत, आणि चार बंकही मिळत नसतील तर निदान सूर्य मावळेपर्यंत वरच्या बारमध्ये एक पियानोवादक बसवावा. मॅनिटोबाच्या दोघांनी माझ्या फोनवरून तो मजकूर उतरवून घेतला आणि आपल्या फॉर्ममध्येही जसाच्या तसा घातला. टेक्सासच्या त्या आईने आपल्या फॉर्ममध्ये घसरगुंडी मागितली, आणि तिच्या खाली मुलांच्या आग्रहावरून रेंजरचा कार्यक्रम रोज ठेवावा असेही लिहिले.